वावरातली हॅट आणि वारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आखाडाच्या दिवसांत कुठल्याही वावराकडे पाहा, एक हालचाल हमखास दिसते. माणूस निंदणाला किंवा डवरणीला लागलेला असतो, पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत येतो आणि त्याचा एक हात काम सोडून डोक्यावर जातो. झोत सरला की हात खाली येतो. पुढच्या मिनिटाला परत वर. दिवसभर हे चालतं आणि संध्याकाळी आपण कशाने थकलो याच्या हिशेबात ते कोणी धरत नाही. डोक्यावर हॅट असेल तर हात जास्तच वेळा वर जातो.

हॅट या भागात तशी अलीकडची. इथलं जुनं डोकं झाकणं म्हणजे दुपट्टा. पांढरा सुती दुपट्टा डोक्याला गुंडाळला, टोकं कानावरून घेऊन मागे खोचली, की दुपारच्या झळा कानात शिरत नाहीत आणि वारा कितीही सुटला तरी तो जागचा हलत नाही. दुपट्ट्याची एकच उणीव आहे: तो ऊन अडवतो, पण सावली पाडत नाही. डोळे, नाक, गाल आणि ओठ उघडेच राहतात. हॅटची कड नेमकं तेच झाकते. म्हणून विणलेल्या पात्यांच्या नाहीतर जाड कापडाच्या हॅटा आता कास्तकारांच्या आणि मजुरांच्या डोक्यावर दिसू लागल्या आहेत. त्यांचं स्वागतच करायला हवं. फक्त दुपट्टा जे फुकटात देत होता, म्हणजे वाऱ्यात जागेवर राहणं, ते हॅटला शिकवावं लागतं.

आधी इथला वारा. वैशाखात तो कोरडा, तापलेला आणि लहरी. तापलेल्या काळ्या जमिनीवरून हवा वर उठते आणि बाजूने नवी हवा धावत येते, म्हणून वावटळी उठतात आणि संध्याकाळी वादळी पावसाआधी वावधान सुटतं. मृग लागल्यावर वाऱ्याचा स्वभाव बदलतो. पश्चिम-नैऋत्येकडून तो दिवसचे दिवस सलग वाहतो आणि जून-जुलैत सगळ्यात जोरकस असतो. दोन्ही मोसमांत एक गोष्ट सारखी: पहाटे तो मंद असतो आणि ऊन चढेल तसा वाढतो, कारण जमीन तापली की वरच्या थरातली वेगवान हवा खाली मिसळायला लागते. हॅटची खरी परीक्षा साधारण अकरा ते पाच या वेळात असते, आणि उन्हासाठी ती हवी असते तीही याच वेळात.

पिकाची उंचीही यात भाग घेते. जुलैत पऱ्हाटी टोंगळ्याएवढी असते, वर्धा नदीकडच्या सपाट वावरांत धुऱ्यावरची दोन-चार बाभळी-निंबं सोडली तर वाऱ्याला आडवं काही नसतं. सप्टेंबरात पऱ्हाटी छातीला लागते, तेव्हा पिकाच्या आत हवा जवळपास थांबलेली असते, पण डोकं पिकाच्या वर राहतं आणि वारा नेमका तिथूनच वाहतो. अंगाला वारा लागत नाही म्हणून माणूस गाफील असतो, आणि हॅट जाते.

हॅट उडते म्हणजे काय होतं, हे जरा जवळून पाहू. हॅटची कड ही एक आडवी पट्टी आहे. वारा समोरून अगदी सपाट आला आणि कडही अगदी सपाट असली, तर तो वरून-खालून सारखाच निघून जातो. पण कड पुढून थोडी उचललेली असेल, तर वारा तिच्या खालच्या बाजूला धडकतो. त्याच वेळी हॅटच्या फुगीर भागावरून जाणारी हवा वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. खालून ढकल आणि वरून ओढ. पतंग चढतो तो याच तत्त्वावर. वर हा जोर पुढच्या कडेवर लागतो, म्हणून हॅट सरळ वर जात नाही. ती मागच्या बाजूला टेकून पुढून उघडते, उघडली की वाऱ्याला आणखी मोठा तळ मिळतो आणि मग काही थांबवता येत नाही. हॅट आधी उलटते आणि मग उडते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे बांधणीचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे.

आता आकडे. काठापासून काठापर्यंत ३६ सेंटिमीटर रुंदीची हॅट घेतली, तर डोक्याचा भाग वजा करून कडेचं क्षेत्रफळ साधारण पाऊण चौरस फूट भरतं. ताशी १५ किलोमीटरचा वारा या कडेच्या तळाला पूर्ण भिडला, तर सुमारे ७० ग्रॅम वजन उचलण्याएवढा जोर लागतो. बाजारातली विणलेली हॅट शंभर ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ती थरथरेल पण राहील. वारा दुप्पट झाला, ताशी ३० किलोमीटर, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: २८० ग्रॅम. ४५ किलोमीटरला तो नऊपट, ६३० ग्रॅम. प्रत्यक्षात कड वाऱ्याला पूर्ण काटकोनात नसते, त्यामुळे हे आकडे वरची मर्यादा समजावेत. पण वेगाच्या वर्गाने वाढणारा जोर हेच हॅटच्या त्रासाचं मूळ आहे. सकाळभर जी हॅट हाताची आठवणही करून देत नाही, ती दुपारी एका झोतात तिसऱ्या तासात, म्हणजे ओळीत, जाऊन पडते.

मग कड कमी करावी? कड ९ सेंटिमीटरवरून ५ वर आणली की तिचं क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर उचलणारा जोर, जवळपास निम्मा होतो. वाऱ्याचा प्रश्न बराच सुटला, पण सावलीचा बिघडला. राळेगावात मेच्या शेवटच्या दहा दिवसांत एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या वेळी अरुंद कडही चालते. पण दुपारी तीनच्या पुढे सूर्य ४५ अंशांवर उतरतो. तेव्हा कड जितकी रुंद तितकीच सावली खाली पडते. ९ सेंटिमीटरची कड कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत झाकते; ५ सेंटिमीटरची डोळ्यांपाशीच संपते. उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाशी ऑस्ट्रेलिया अनेक दशकं झगडतो आहे. तिथे १९८१ साली सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला असं सांगणारी मोठी मोहीम निघाली. तिथली कर्करोग परिषद मोठ्या माणसांसाठी किमान साडेसात सेंटिमीटर कडेची हॅट सुचवते. माझंही मत तेच आहे. कडेत काटकसर करू नये, बांधणीत खर्च करावा.

रुंद कडेची बाजू घेणारा एक माणूस नदीपलीकडे राहून गेला. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथल्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ साली राहायला आले. त्यांच्या नावाची टोपी बिनकडेची. पण १९२९ साली ‘यंग इंडिया’त लिहिताना त्यांनी सोला हॅटची मोकळेपणाने तारीफ केली होती. युरोपीय पेहरावाबद्दल लोकांच्या मनात असलेली नावड त्यांना ठाऊक होती, ती त्यांच्या स्वतःच्या मनातही होती. तरी डोळ्यांना आणि मानेला सावली देणारी वस्तू केवळ साहेबाची म्हणून टाकून देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे नोआखालीच्या दौऱ्यानंतरच्या छायाचित्रांत त्यांच्या डोक्यावर तिकडच्या शेतकऱ्यांची रुंद कडेची विणलेली टोपी दिसते. सोला ही बंगालकडच्या पाणथळ जागी वाढणारी वनस्पती, तिचा गाभा अतिशय हलका, आणि त्याच गाभ्याची ती हॅट होई. इतकी हलकी वस्तू वाऱ्यात राहणार कशी? म्हणून तिला हनुवटीखालून पट्टा असे. जिथे हलकी आणि रुंद हॅट वापरात आली, तिथे लोकांनी तिला बांधायची काहीतरी सोय केलीच.

या सोयी पाहण्यासारख्या आहेत, कारण प्रत्येकीत एक वेगळी युक्ती आहे. व्हिएतनाममधली भातशेतीतली शंकूच्या आकाराची टोपी हनुवटीखालून रुंद कापडी फितीने धरलेली असते. फीत रुंद असल्यामुळे दिवसभर रुतत नाही. अमेरिकेतले घोडेस्वार गुराखी कडेतून दोन दोऱ्या खाली सोडत आणि त्यांवर एक सरकता मणी ठेवत. वारा आला की मणी हनुवटीपर्यंत ओढायचा, वारा पडला की सैल करायचा, आणि हॅट नको असेल तेव्हा ती पाठीवर लोंबत ठेवायची. अमेरिकी सैन्यातल्या रुंद कडेच्या हॅटचा पट्टा हनुवटीखालून जातच नाही, तो डोक्यामागून जातो. कवटीला मागे जो उंचवटा असतो त्याच्या खाली तो बसतो. हॅट उलटायला गेली की पट्टा त्या उंचवट्याला अडतो. समुद्रात शिडाची होडी हाकणाऱ्या अॅलेक्स टिली नावाच्या कॅनडाच्या गृहस्थाने १९८० साली या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या: त्याच्या हॅटला एक दोरी हनुवटीखाली आणि एक डोक्यामागे. होडीवर वारा कधीच थांबत नाही, म्हणून त्याला अर्ध्या उपायाने भागणार नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या बायका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाडीच्या चाकाएवढ्या हॅटा घालत आणि त्या लांब सुयांनी केसांत खोचून ठेवत. सुयांची टोकं हॅटच्या बाहेर यायची आणि गर्दीत लोकांना टोचायची. शिकागो शहराने तर १९१० मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब सुयांवर बंदी घातली.

आपल्याला यातलं काय घेता येईल? पहिली गोष्ट बांधणीच्याही आधीची: माप. बहुतेक हॅटा एकाच मापात येतात आणि डोकी एका मापात येत नाहीत. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवायची. मोठ्या माणसाचं माप साधारण ५५ ते ५९ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. हॅट आतून यापेक्षा दोन सेंटिमीटर सैल असली तरी ती डोक्यावर नुसती ठेवलेली आहे, बसलेली नाही. आत जी घामाची पट्टी असते तिच्या मागे, कपाळाच्या आणि मानेच्या बाजूला, फोमची किंवा जुन्या बनियनची घडी घालून टाके मारले की फट भरते. घडी दोन्ही कानांजवळ घालू नये. तिथे भरलं की तासाभरात डोकं दुखायला लागतं. सुती घडी घामाने ओली झाली की पकड वाढते, हा फायदाच.

दुसरी गोष्ट घालण्याची. बरेच जण हॅट कपाळावरून मागे सरकवून घालतात, कारण तशी ती मोकळी वाटते. पण मागे कललेल्या हॅटची पुढची कड उचललेली असते आणि वाऱ्याला हवा असतो तो तळ आयताच मिळतो. हॅट भुवयांच्या वर दोन बोटं येईपर्यंत खाली ओढायची आणि पुढची कड किंचित झुकवायची. मग समोरून येणारा वारा कडेच्या वरच्या बाजूला लागतो आणि हॅट दाबून धरतो. कापसाचं तास पश्चिमेकडे तोंड करून चालत असाल तर हे एवढ्यानेच बरंच काम होतं. तास संपून पाठ वाऱ्याकडे झाली की मागच्या कडेलाही हाच नियम: ती खाली वळलेली हवी. विणलेल्या हॅटची कड पाणी मारून, मागून खाली वळवून, रात्रभर एखाद्या उपड्या गंजावर ठेवली तर सकाळी ती त्याच वळणात राहते.

आता दोरी. हनुवटीखाली एकच दोरी, दोन्ही कानांपाशी एकेक भोक, अशी हॅट बाजारात मिळते आणि ती फसवी असते. दोरी घट्ट असली तरी हॅट त्या दोन भोकांभोवती फिरते. पुढची कड वर, मागची खाली. हॅट आधी उलटते असं वर म्हटलं ते इथे आठवावं. उडत नाही, पण कपाळ उघडं टाकून मानेवर लोंबते आणि दोरी गळ्याला काचते. उपाय साधा आहे आणि तो प्रत्येक हेल्मेटमध्ये दिसतो: पट्टा कानाच्या पुढून एक आणि मागून एक असा दोन पायांचा असतो आणि ते पाय कानाखाली एकत्र येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटच्या व्याख्येतच पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असणं धरतं, ते उगाच नाही. न बांधलेलं हेल्मेट धडकेच्या वेळी आधी निघून जातं.

हॅटला हेच घरी करायचं. कड आणि डोक्याचा भाग जिथे जुळतात, त्या शिवणीला लागून चार भोकं: दोन्ही कानांच्या पुढे तीन बोटांवर एकेक आणि मागे तीन बोटांवर एकेक. भोक कडेच्या मध्यावर पाडू नये, तिथे ओढ बसली की कड फाटते. विणलेल्या हॅटला भोक पाडावंच लागत नाही, दाभणाने वीण जरा बाजूला सारली की नाडी जाते. कापडी हॅटला भोकाभोवती काजाचे टाके घालावेत. नाडी परकराला लागते तीच, सुती आणि चपटी. नायलॉनची दोरी टिकाऊ म्हणून लोक घेतात, पण ती घामात सरकते आणि गाठ धरत नाही. रबरी इलॅस्टिक तर नकोच. ते झोताबरोबर ताणतं, हॅट चार बोटं उचलू देतं आणि मग चटकन परत ओढतं. एका बाजूची नाडी पुढच्या भोकातून खाली, मागच्या भोकातून खाली, दोन्ही पदर कानाच्या पाळीखाली एका गाठीत. दुसऱ्या बाजूला तसंच. खाली उरलेली टोकं हनुवटीच्या किंचित मागे, गळ्याच्या वरच्या घडीत, सुटत्या गाठीने बांधायची. दोन बोटं आत जातील इतकी सैल. ज्यांना हनुवटीखाली काहीच सहन होत नाही, त्यांनी मागच्या दोन भोकांतून एक नाडी घेऊन ती डोक्यामागच्या उंचवट्याखाली बांधावी. मध्यम वाऱ्यात तेवढं पुरतं.

आणि दुपट्टा? त्याला हॅटने रजा द्यायची काही गरज नाही. ओला करून पिळलेला दुपट्टा आधी डोक्याला आणि कानांना गुंडाळायचा, टोकं मानेवर सोडायची आणि वर हॅट घालायची. हॅटची सगळी फट भरते, कापडावर कापडाची पकड येते, कान आणि मान झाकली जातात, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या कापडातून पाणी उडताना डोकं गार राहतं. घरातल्या कूलरमध्ये वाळ्याचे ताटवे करतात तेच काम. वारा फारच असेल तर उलट क्रम: हॅट आधी आणि दुपट्टा तिच्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ. कानांजवळच्या कडा खाली दुमडल्या जातात, वाऱ्याला लागणारी कड निम्म्याने कमी होते, आणि डोळ्यांवरची पुढची सावली मात्र शाबूत राहते. मला हा दुसरा प्रकार अधिक आवडतो. त्यात भोक नाही, शिवण नाही आणि घरात आहे त्यावर भागतं.

निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बायकांची अडचण वेगळी असते. साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुलबाह्यांचा सदरा, डोक्यावरून पदर किंवा ओढणी, मागे अंबाडा. अंबाड्यामुळे हॅट मागून उचललेलीच राहते आणि पुढे डोळ्यांवर येते. अंबाडा जरा खाली, मानेजवळ बांधला तर हॅट त्याच्या वर नीट टेकते आणि तोच अंबाडा डोक्यामागच्या पट्ट्यासारखा उपयोगी पडतो. विणलेल्या हॅटमधून केसांचे दोन लांब आकडे अंबाड्याच्या वरच्या केसांत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, तिरपे खोवले तर नाडीशिवायही हॅट राहते. शिकागोच्या त्या सुयांचाच हा साधा, न टोचणारा प्रकार. वेचणीच्या काळात, म्हणजे दिवाळीच्या पुढे, वारा तसाही मवाळ असतो. तेव्हा एवढं पुष्कळ.

फवारणीत मात्र हिशेब पूर्ण बदलतो, आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्यासाठीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकं फवारताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसच्या आसपास माणसं दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते. चौकशा झाल्या, कारणांची चर्चा झाली: नेहमीपेक्षा उंच वाढलेली पऱ्हाटी, वेगवेगळी औषधं एकत्र मिसळणं, जोराने फवारणारे पंप, उकाडा, अंगावर संरक्षक कपडे नसणं. उंच पिकात तुषार पायांवर न पडता छाती, तोंड आणि डोक्यावर येतात. त्यानंतर मास्क, हातमोजे आणि चष्मे यांची बरीच चर्चा झाली. डोक्याची तेवढी झाली नाही.

डोक्याची कातडी ही हाताच्या कातडीपेक्षा खूप जास्त विष आत घेते. हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये माणसांवर केलेल्या मोजणीत पॅराथिऑन हे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक कोपराखालच्या हातापेक्षा डोक्याच्या कातडीतून सुमारे पावणेचारपट आणि कपाळातून चारपटीहून अधिक शोषलं गेलं. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकंही याच घराण्यातली. ही औषधं शरीरात नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश थांबवणारं विकर निकामी करतात. मग लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, दिसणं धूसर होतं, श्वास अडकतो. आता सुरुवातीची ती हालचाल पुन्हा डोळ्यांसमोर आणा. फवारणी करणाऱ्याच्या हाताला औषध लागलेलं आहे, वाऱ्याचा झोत आला आणि तो हात हॅटवर गेला, हॅटवरून कपाळाला, घाम पुसताना डोळ्याला. शरीरातल्या जास्त शोषणाऱ्या जागी विष नेऊन लावण्याचं काम माणूस स्वतःच करतो, आणि तेही न कळत, कारण हॅट धरणं ही सवय आहे. सैल हॅट फवारणीत उपयोगाची नाही, उलट घातक आहे. ती इतकी पक्की असावी की पंप पाठीवर असेपर्यंत तिला हात लावावा लागू नये.

म्हणून फवारणीची हॅट वेगळी ठेवावी, आणि वर सांगितलेलं काही इथे चालत नाही. दुपट्टा नको, सुती नाडी नको, आत बनियनची घडी नको. ही सगळी औषध पिऊन घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात. पाणी न शोषणाऱ्या प्लास्टिकची किंवा रेक्झिनची हॅट, आतली पट्टीही धुता येईल अशी, आणि पट्टा प्लास्टिकचा, चापाचा. काम झाल्यावर हातमोजे घातलेले असतानाच ती साबणाच्या पाण्याने धुवावी आणि घरच्या कपड्यांत मिसळू नये. तिच्याखाली रोजची हॅट किंवा टोपी घालू नये.

वाऱ्याचा अंदाज घ्यायलाही हॅटवर भिस्त ठेवू नये. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ साली वाऱ्याची जी श्रेणी बसवली, तिच्यात पुढे जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. गालाला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात ती दुसरी पायरी, ताशी ६ ते ११ किलोमीटर; फवारणीला ही योग्य. पानं आणि बारीक फांद्या सतत हलत राहिल्या की तिसरी, १२ ते १९ किलोमीटर. इथे तुषार शेजारच्या वावरात आणि आपल्याच तोंडावर यायला लागतात, थांबलेलं बरं. धूळ आणि कागद उडायला लागले की चौथी, २० ते २८. साधी हॅट डोक्यावरून हलते ती साधारण या चौथ्या पायरीला. हॅट उडायची वाट पाहणारा माणूस तोवर तासभर चुकीच्या वाऱ्यात फवारत असतो. सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ किंवा बाजू करून, आणि पानांवर डोळा ठेवून काम करावं.

राळेगावहून वडकीकडे किंवा कळंबकडे मोटारसायकलवर निघताना हॅट डोक्यावर ठेवून नाडी बांधणारे लोक दिसतात. ताशी ५० किलोमीटरने गाडी चालली आणि समोरून वारा १५ चा असला तर हॅटला ६५ चा वारा लागतो. वरच्या हिशेबाने तो जोर सव्वा किलोच्या पुढे जातो आणि तो सगळा नाडीतून गळ्यावर येतो. गाडीवर हेल्मेट, हॅट पिशवीत.

आणि मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राजवळ जाताना नाडीची लोंबती टोकं आणि दुपट्ट्याचे सुटे पदर आधी आत खोचावेत, त्याहून चांगलं म्हणजे काढूनच ठेवावेत. यंत्राने एक टोक पकडलं की माणसाला गाठ सोडायला वेळ मिळत नाही. ज्यांना यंत्राशेजारी हॅट ठेवणं भागच आहे, त्यांनी हनुवटीखाली गाठीऐवजी बोटभर वेल्क्रो शिवून घ्यावं; वाऱ्याला ते पुरतं आणि जोराची ओढ बसली तर सुटून येतं. लहान मुलांच्या हॅटलाही गाठ नको, हेच वेल्क्रो लावावं. आणि सुती नाडी उन्हाने आणि घामाने एका हंगामात कुजते, तेव्हा पेरणीच्या आधी बियाणं-खताच्या खरेदीत परकराच्या नाडीचा एक गुंडा आणावा आणि घरातल्या सगळ्या हॅटांच्या नाड्या एकदाच बदलून टाकाव्यात.